पानवाली

सव्वीस वर्षं ती त्याच खुर्चीवर बसली, आणि सव्वीस वर्षांत एकाही पत्रकावर तिचं नाव छापून आलं नाही.

खुर्ची पियानोच्या डाव्या अंगाला, जराशी मागे. काम सांगायला सोपं: वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा त्याच्यासमोरच्या वहीचं पान कुणीतरी उलटायचं. मान हलली की उठायचं, डावा हात वरून न्यायचा, कोपरा चिमटीत धरायचा आणि श्वास टाकावा तितक्या हलक्यानं पान पलीकडे टाकायचं. दोन पानं एकदम आली तर कार्यक्रमाचा बट्ट्याबोळ. म्हणून आदल्या दिवशी बसून ती प्रत्येक पानाचा कोपरा जरासा मुडपून ठेवायची. हातात बांगडी नाही, अंगाला अत्तर नाही, सळसळणारं कापड नाही. खोकला घरी काढून यायचा. टाळ्या पडल्या की वाजवणारे उठून वाकायचे. ती मांडीवर हात ठेवून जमिनीकडे बघत बसायची.

कार्यक्रम भरवणाऱ्या संगीत मंडळात तिला सगळे पानवाली म्हणत. म्हणताना ओठांच्या कोपऱ्यात हसू असायचंच. घरी ती धाकटी होती. बावन्न वर्षांची झाली तरी धाकटीच.

तिचं पोट चष्म्याच्या दुकानावर चालायचं. मागच्या खोलीत, दिव्याखाली, ती भिंगांच्या कडा घासून फ्रेममध्ये बसवायची. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू चिमट्यानं उचलायची. मालक म्हणायचे, "बाई, तुमचा हात म्हणजे सोनं आहे." कुणाच्या पगारवाढीचा विषय निघाला की हे वाक्य हटकून यायचं.

हात सोन्याचा होता हे मात्र खोटं नव्हतं. दोघी बहिणी आईकडे पियानो शिकल्या. एकाच बाकावर दोघी बसायच्या, वरच्या पट्ट्या ताईच्या, खालच्या धाकटीच्या. चार हातांनी वाजवायचं म्हणजे एकीनं दुसरीच्या कोपराला कोपर लागू द्यायचं नाही. ताई रंगात आली की तिचं कोपर हमखास लागायचं, आणि आई धाकटीलाच म्हणायची, "सरक की जरा." ती सरकायची. ऐकणाऱ्यांना वरचे सूर लक्षात राहायचे. खाली कुणीतरी ताल धरून बसलंय हे फक्त आईला कळायचं, आणि ती ते बोलून दाखवायची नाही.

ताईचं लग्न ठरलं ते एका पियानोवादकाशी. पुढे अख्खं गाव ज्यांना 'सर' म्हणू लागलं तेच हे, धाकटीचे भावजी. आई तोवर गेली होती. बाबांनी घरातला पियानो ताईबरोबर पाठवून दिला. "तिच्या घरी त्याची कदर होईल," म्हणाले. भावजींकडे त्यांचा स्वतःचा मोठा पियानो होताच. आईचा मागच्या खोलीत गेला, त्यावर चादर पडली आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे. ताईनं लग्नानंतर पट्टीला बोट लावलं नाही. धाकटीच्या तोंडाला पानं पुसली गेली ती अशी, आणि घरातल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाबांचं दुखणं काढण्यात तिची पुढची अकरा वर्षं गेली. लग्नाचं राहून गेलं.

त्यातच एकदा भावजींचा पानं उलटणारा माणूस ऐनवेळी तापानं पडला. ताई म्हणाली, "धाकटीला बोलवा, तिला वाचता येतं." ती गेली आणि तिथेच राहिली.

हॉल एका जुन्या पेढीच्या वरच्या मजल्यावर होता. दीडशे खुर्च्या, उंच खिडक्या, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला कार्यक्रम. कधी तिघांचा, कधी दोन पियानोंचा, तर कधी चार तंतुवाद्यांची चौकडी यायची: दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. चौकडीचे चौघे आपापसांत सतत भांडत. "ही कसली चौकडी, ही तर चांडाळचौकडी," असं भावजी म्हणायचे आणि धाकटी हसायची. ते दिवस वाईट नव्हते. पान उलटून खाली बसलं की पुढच्या पानाचे सूर तिच्या डोळ्यांपुढून सगळ्यांच्या आधी जायचे. हॉलमध्ये जे घडणार ते तिला दोन ओळी आधी ठाऊक असायचं. एवढ्यावर ती खूश होती.

मंडळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिका निघाली. मधल्या पानावर भावजींचा मोठा फोटो होता, वाजवताना डोळे मिटलेला. फोटोच्या कडेला एक डावा हात पान धरून उभा होता. हाताच्या मागचं माणूस कापून टाकलं होतं. धाकटीनं ती स्मरणिका दुकानात नेली नाही.

भावजींना काहीतरी होतंय हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं. कळणारच होतं. तिघांच्या एका कार्यक्रमात संथ भागात तिनं पान टाकलं आणि त्यांचे हात थांबले. अर्धा क्षण. त्यांची नजर पानभर भिरभिरली, आपल्याच गल्लीत घर शोधणाऱ्या माणसासारखी. धाकटीनं विचार न करता बोट पुढे केलं आणि जिथून वाजवायचं तिथे टेकवलं. हात पुन्हा चालू लागले. हॉलमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही.

त्या दिवसापासून हे वाढत गेलं. आधी एका कार्यक्रमात एकदा, मग तीनदा, मग जवळजवळ प्रत्येक पानावर. पान टाकून ती खाली बसेनाशी झाली. उभ्यानंच ओळीखालून बोट सरकवत न्यायची. भावजी त्यावर एक शब्द बोलले नाहीत, तीही बोलली नाही. फक्त सुरू करण्याआधी ते मान वळवून ती आहे ना हे बघायचे. पूर्वी कधी बघत नसत.

तिनं ताईला सांगून पाहिलं. ताईच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "ताई, भावजींना एकदा डॉक्टरांना दाखवून घे."

"कशाला?"

"वाजवताना हरवतात. मी बोट ठेवते म्हणून चाललंय."

ताई कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "वय झालंय त्यांचं. मी रोज चष्मा विसरते, तर मला काय दवाखान्यात टाकशील? आणि हे बघ, बाहेर कुठे बोलू नकोस. लोकांना काय, निमित्तच हवं असतं."

धाकटीनं चहासाठी साखर काढायला कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला ताईच्या अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या होत्या. 'साखर खालच्या कप्प्यात.' 'औषध सकाळीच घेतलं आहे, पुन्हा घेऊ नका.' 'मी बाजारात गेले आहे, परत येणार आहे.' धाकटीनं साखर घेतली आणि कपाट लावलं. ताईनं ते पाहिलं. दोघींनी चहा घेतला आणि पडद्याच्या कापडाबद्दल बोलल्या.

मग एक बाहेरगावची चौकडी आली. नावाजलेली मंडळी. पियानोवर भावजी, मिळून पाच जण वाजवणार होते. कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका निघायची होती, म्हणून तारांचं जाळं पसरलेलं आणि माणसं नेहमीपेक्षा जास्त. सकाळच्या तालमीत ठरलं की पहिला भाग एकदाच वाजवायचा. वहीत तो पुन्हा सुरुवातीपासून घ्यायची खूण होती, पण मुद्रिकेत वेळ बसत नव्हता. धाकटीनं त्या खुणेवर पेन्सिलीनं ठळक फुली मारली. भावजींना दाखवली. ते म्हणाले, "हो हो, ठाऊक आहे मला."

दुपारी सगळं त्या फुलीपर्यंत नीट गेलं. धाकटीनं पान पुढे टाकलं. चौघे पुढे गेले. भावजींचे हात मात्र उठले आणि सुरुवातीच्या सुरांवर जाऊन पडले. पंधरा-वीस क्षण दोन वेगळी संगीतं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. धाकटी बोट टेकवून कुजबुजत होती, "पुढे, भावजी, पुढे." ते वहीकडे बघतच नव्हते. पहिल्या व्हायोलिनवाल्यानं गज वर उचलला, आणि एकेक करून सगळे थांबले.

भावजी तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. मग ती भीती कुठेतरी गेली आणि नेहमीचे सर परत आले. प्रेक्षकांकडे बघून, हसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माफ करा. आमच्या पानवाल्या बाई जरा गडबडल्या. आपण सुरुवातीपासून घेऊ."

लोक हसले. समजूतदार, मायाळू हसू होतं ते. धाकटीनं वही मागे उलटून पहिलं पान काढून दिलं, आणि तिचं बोट पुन्हा ओळीखाली सरकू लागलं. त्या दिवशी भावजी फार सुंदर वाजवून गेले. टाळ्या थांबेनात. ती जमिनीकडे बघत बसली.

दोन दिवसांनी मंडळाचे सचिव दुकानात आले. माणूस वाईट नव्हता. कुणाशी वाकडं बोलायचं झालं की त्याला घाम फुटायचा. काउंटरवरच्या फ्रेमा उगाच हाताळत म्हणाले, "बाई, मुद्रिकावाले विचारतायत काय झालं म्हणून. तेवढ्या दोन ओळी लिहून द्या. चूक आपली होती म्हणून. विषय मिटेल."

"चूक माझी नव्हती."

"अहो, असेल, नसेलही. पण सर स्वतः तसं म्हणाले ना, सगळ्यांसमोर. आता तुम्ही वेगळं म्हणालात तर..." त्यांनी कपाळ पुसलं. "बघा बुवा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई आली. दुकानाच्या मागच्या खोलीत ती आयुष्यात पहिल्यांदाच येत होती. भिंगाच्या भुकटीनं साडी खराब होईल म्हणून बसली नाही.

"लिहून का देत नाहीस?"

"ताई, तू होतीस तिथे. तुला माहीत आहे काय झालं ते."

"मला काही माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की वाजवणं गेलं तर ते महिनाभर जगणार नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझं काय जातंय गं? तू पानं उलटतेस. एक पान चुकलं तर तुझं कोण काय वाकडं करणार आहे? त्यांचं नाव आहे. तुझं काय आहे?"

धाकटीच्या हातात एका म्हाताऱ्या गृहस्थाची फ्रेम होती. स्क्रू बसवायचा राहिला होता. तिनं तो बसवला, फ्रेम खाली ठेवली आणि पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या कागदावर लिहिलं: 'रविवारच्या कार्यक्रमात पान उलटताना माझ्याकडून चूक झाली. मी दिलगीर आहे.' खाली सही केली. त्या हॉलसंबंधीच्या कागदावर तिचं नाव पहिल्यांदा आलं ते असं.

ताईनं कागद वाचला, घडी केली आणि म्हणाली, "तू गुणाची आहेस." जाताना दारात थांबून म्हणाली, "आणि थोडे दिवस येऊ नकोस हॉलवर. बरं दिसणार नाही."

थोडे दिवस म्हणता म्हणता हंगाम संपला. मंडळानं एक पडदा आणला, पुस्तकाएवढा. त्यावर पानं दिसायची आणि पायाशी एक खटका असायचा; पाय दाबला की पान बदलायचं. सचिव सगळ्यांना सांगत, "आता माणसाच्या चुकीला वावच नाही." ते ज्यांना सांगत त्यांतले बरेच दुकानात यायचे. नियमानं पुढच्या रांगेत बसणाऱ्या एक आजी नंबर तपासायला आल्या आणि धाकटीच्या हातावर चापट मारून म्हणाल्या, "काय बाई, चष्म्याच्या दुकानात राहून तुम्हालाच दिसेना होय?" त्यांना वाटलं गंमत केली. धाकटी हसली. मग मागच्या खोलीत गेली आणि त्या आजींची भिंगं तिनं नेहमीइतकीच काळजीनं घासली, कारण वाईट काम तिला करताच यायचं नाही. त्याचा तिला त्या दिवशी फार राग आला.

नव्या हंगामाचा पहिला कार्यक्रम दोन पियानोंचा होता. एकावर भावजी, दुसऱ्यावर बाहेरून आलेल्या एक बाई. धाकटीनं तिकीट काढलं. अकरावी रांग, कडेची खुर्ची. आपण का चाललोय हे तिनं स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर फारसं चांगलं निघालं नसतं.

इतक्या वर्षांत तिनं भावजींना समोरून वाजवताना कधी पाहिलं नव्हतं. म्हातारे झाले होते. बसल्यावर त्यांनी डावीकडे मान वळवली. तिथे कुणी नव्हतं.

पहिली काही मिनिटं बरी गेली. बोटांना सवय होती, बोटं चालत होती. मग एका ठिकाणी दुसऱ्या पियानोच्या बाई पुढे निघून गेल्या आणि भावजी मागे राहिले. त्यांनी खटका दाबला. पुन्हा दाबला. पडद्यावरची पानं सरसर पुढे जाऊ लागली आणि ते दाबतच राहिले, पडद्यावर कोरा उजेड येईपर्यंत. बाईंनी हात थांबवले. भावजी डावीकडच्या रिकाम्या जागेला म्हणाले, "बोट ठेव."

आवाज मोठा नव्हता, पण हॉल शांत होता.

"अगं, बोट ठेव ना. किती वेळ? कुठे गेलीस?"

पहिल्या रांगेत बसलेली ताई उठली आणि मागे वळून रांगांमागून रांगा शोधू लागली. तिची नजर अकराव्या रांगेत येऊन थांबली. तिनं हात पुढे केला, ये म्हणून.

धाकटीला उठता आलं असतं. अकरा रांगा आणि तीन पायऱ्या. पाय धड होते, वाट मोकळी होती. ती पर्स मांडीवर धरून बसून राहिली. पुढे ती एकदा मालकांच्या बायकोला म्हणाली होती, "मला काही वाटलं नाही, असं सांगितलं तर खोटं ठरेल. बरं वाटलं मला. आणि ते बरं वाटणं अजून माझ्या अंगावर येतं."

सचिवांनी शेवटी भावजींना हाताला धरून आत नेलं. बाहेरून आलेल्या बाईंनी एकटीनं काहीतरी छोटंसं वाजवून वेळ मारून नेली.

सगळे उठल्यावर धाकटी हॉलच्या मागच्या खोलीत गेली. भावजी कोपऱ्यात पाण्याचा पेला धरून बसले होते. भोवती मंडळाची पाचसहा माणसं होती. ताईनं तिला दारातच गाठलं.

"आता आलीस?" ती म्हणाली. मग सगळ्यांकडे वळली. "हिला ठाऊक होतं. वर्षभर बोट ठेवत होती त्यांच्यासाठी आणि आम्हाला एका शब्दानं बोलली नाही. वेळेवर कळलं असतं तर डॉक्टरांना दाखवलं असतं. आज हे बघावं लागलं नसतं."

कपाटातल्या चिठ्ठ्यांचं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं. पण ताईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. बोलता बोलता ताईचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. त्यापुढे काय बोलणार?

"खरं का हो, बाई?" सचिवांनी विचारलं.

"बोट ठेवत होते, हे खरं आहे," ती म्हणाली.

तेवढंच सगळ्यांना पुरलं. आधी ती पान चुकवणारी होती. आता ती आजार लपवणारी झाली. मंडळानं सरांचा सत्कार केला, शाल, मानपत्र, सगळं. त्याचं निमंत्रण तिला आलं नाही. मुद्रिका निघाली. दुसऱ्यांदा घेतलेलं, न चुकलेलं वाजवणं तीत होतं, आणि ऐकणारे म्हणाले की सरांचं इतकं नितळ वाजवणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

वर्षभरानं ताईचा फोन आला. "ते तुझी आठवण काढतात. येऊन बस जरा. मला बाजारात जायचं असतं, कुणी थांबायला मिळत नाही."

धाकटी गेली. भावजी खिडकीपाशी खुर्चीत होते, गुडघ्यांवर शाल. स्वतःच्या मुलाला ते आता ओळखत नव्हते, असं ताईनं जिन्यातच सांगून ठेवलं होतं. हॉल, चौकडी, वाजवलेलं काही, सगळं पुसलं गेलं होतं. धाकटी समोर स्टूल घेऊन बसली. त्यांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला.

"ही ती," ते ताईला म्हणाले. "हिनं पान चुकवलं."

त्यांनी धाकटीकडे बोट दाखवलं.

"सगळ्यांसमोर चुकवलं. मी सांभाळून घेतलं म्हणून बरं. हिला पुन्हा घेऊ नका." त्यात लबाडी उरली नव्हती. एवढं सगळं गेलं होतं आणि नेमकं हेच शिल्लक राहिलं होतं, अगदी खरं होऊन.

धाकटीनं ताईकडे पाहिलं. आता तिथे ताईशिवाय कुणी नव्हतं. ना लोक, ना सचिव, ना नाव सांभाळायची गरज. ताईचं एक वाक्य पुरलं असतं, तेही भावजींना नको, धाकटीला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

ताईनं शाल नीट केली. "हो, हो, चुकवलं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही त्रास करून घेऊ नका." मग पिशवी उचलून धाकटीला म्हणाली, "मी अर्ध्या तासात येते. त्यांना पाणी विचार."

धाकटी अर्धा तास बसली. पाणी विचारलं, पाजलं. ताईला यायला पाऊण तास लागला. ती आल्यावर धाकटीनं चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर ती त्या घरी गेली नाही. ताईनं दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा पाठवला नाही.